दोन मिनिटांचा नियम

ही १९८४ सालची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून आईकडे परत आले होते आणि गॅसच्या सिलिंडरवर बसवायचे रेग्युलेटर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. नोकरी लावली होती माझ्या मोठ्या भावाने. दादा त्याच कारखान्यात लेथवर काम करायचा आणि युनियनचा सेक्रेटरी होता. साडेतीनशे माणसं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. मी तर नव्हतेच नव्हते.

तपासणीचा हॉल लांबट होता. भिंतीला लागून पाण्याच्या टाक्या, प्रत्येक टाकीच्या तळाशी दिवा, वरून आलेली हवेची नळी. रेग्युलेटर नळीला लावायचा, हवा सोडायची, पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की तो लाल पेटीत. नाही आला की बाहेर काढून पुसायचा आणि आपल्या नंबरचा पंच ठोकायचा. माझा नंबर सत्तावीस. कुठल्याही घरातला रेग्युलेटर उलटा केला की तो कोणी पास केला ते कळावं, अशी सोय होती.

भिंतीवर पाटी होती. ‘प्रत्येक नग दोन मिनिटे पाण्याखाली धरावा.’ पाटीवर धूळ होती. आम्ही दहापर्यंत मोजायचो. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. माझ्या शेजारच्या टाकीवर एक काकू होत्या, त्यांना सगळे मोजणीकाकू म्हणत, कारण त्या घरीसुद्धा दहा मोजूनच चुलीवरचं भांडं उतरवतात असं त्यांची सून सांगायची. नव्या बाईला काम शिकवताना पाटी कोणी दाखवत नसे. “दहा मोज, ठोक, पुढचा घे,” इतकंच शिक्षण.

हे दहा आले कुठून? दोन वर्षांपूर्वीच्या करारातून. त्याआधी दिवसाला प्रत्येकी एकशे ऐंशी नग व्हायचे, करारात पाचशे ठरले, आणि त्यावर सगळ्यांना बोनस. दोन मिनिटं धरली तर पाचशे होणं शक्यच नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण पाटी कोणी काढली नाही आणि वाचलीही नाही.

मग कंपनी नव्या मालकांनी घेतली आणि नवा मॅनेजर आला. त्याच्या शर्टाला कधी सुरकुती नसे, म्हणून त्याचं नाव इस्त्रीसाहेब पडलं. त्याने महिनाभर हिशेब केला आणि एकोणीस टाक्यांपैकी आठ बंद केल्या. आठ बायका घरी. “एवढ्या वेगाने काम होतं, तर एवढी माणसं कशाला?” असं त्याचं म्हणणं. तो हसून बोलायचा, त्यामुळे भांडायची सोय नव्हती.

संप केला असता तर टाळेबंदी ठरलेली होती. दादाने वेगळी युक्ती काढली. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली सभा घेतली आणि म्हणाला, “संप नाही. कामाला यायचं, वेळेवर यायचं. आणि त्यांच्या नियमाच्या पुस्तकात जे जे लिहिलंय ते ते अक्षरशः पाळायचं. बघू त्यांना त्यांचंच पुस्तक किती झेपतं ते.”

लोक इतके हसले की पत्रा दणाणला. लेथवरचा एक उंच माणूस होता, लंबू. तो ओरडला, “सेक्रेटरी, पुस्तकात लिहिलंय जिना चढताना कठडा धरावा. मी दोन्ही हातांनी धरणार!”

पहिला दिवस म्हणजे गंमत होती. पाटी कोणीतरी पुसून लख्ख केली. अकरा जणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, हातात एकेक रेग्युलेटर पाण्यात धरून बसलेल्या. मोजणीकाकू म्हणाल्या, “अगं, दोन मिनिटं म्हणजे केवढी असतात! एवढ्यात माझ्या सासूने मला दहा शिव्या घातल्या असत्या.”

मी हसत होते आणि हसता हसताच माझ्या टाकीत एक बुडबुडा आला.

बारीक, साबुदाण्याएवढाही नाही. रेग्युलेटरच्या मानेतून सुटला, वर आला, फुटला. घड्याळात सव्वा मिनिट झालं होतं. मी नीट बघत राहिले. वीस सेकंदांनी दुसरा आला.

तो नग मी लाल पेटीत टाकला. संध्याकाळपर्यंत माझ्या पेटीत सहा नग पडले. काकूंच्या पेटीत पाच. पलीकडच्या बाईचे सात. दहाच्या मोजणीत यातला एकही सापडला नसता.

हॉलमध्ये आनंदीआनंद. “कंपनीची जिरली!” “भरा, पेट्या भरा!” मी पेटीकडे बघत उभी होते. दोन वर्षं मी दिवसाला पाचशे नगांवर सत्तावीस नंबर ठोकला होता. एकशे ऐंशीत सहा, तर पाचशेत किती? त्रैराशिक मला शाळेत कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी बसस्टॉपवर पोहोचेपर्यंत ते आपोआप सुटलं. मग मला बसमध्ये बसवेना. दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी गेले.

घरी गेल्या गेल्या वाटीत साबणाचा फेस केला, जुना दाढीचा ब्रश घेतला आणि आमच्या रेग्युलेटरला फासला. आई म्हणाली, “काय गं, आता त्याची दाढी करतेस?” फेस हलला नाही. पण माझं समाधान होईना. वाटी घेऊन शेजारी गेले. त्यांच्या शेजारी गेले. आमच्या गल्लीत बहुतेकांकडे आमच्याच कारखान्याचा माल होता. “कंपनीकडून आलेय, तपासणी आहे,” असं खोटं सांगत मी नऊ स्वयंपाकघरं पालथी घातली. आठव्या घरी फेसात एक फुगा धरला, वाढला, फुटला. मी सिलिंडर बंद केला, रेग्युलेटर काढला आणि उलटा केला. नंबर चौदा.

माझा नव्हता. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की त्या घरातल्या बाईला ‘हा लावू नका, बदलून घ्या’ एवढंच सांगून, तिने पुढे केलेला चहा न घेता मी बाहेर पडले.

कंपनी गप्प बसणार नव्हतीच. तिसऱ्या दिवशी इस्त्रीसाहेब हॉलमध्ये आला आणि लाल पेट्यांकडे बोट करून म्हणाला, “चांगला माल मुद्दाम नापास करताय.” दादा म्हणाला, “मग सील करा. तुमचं सील आणि आमचं सील. वाद मिटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.” तसं ठरलं. रोज संध्याकाळी फोरमन आणि दादा येऊन पेट्या स्टोअरमध्ये ठेवत, तारेत शिसं दाबून दोघांची सीलं लावत. नऊ दिवसांत सहाशेच्या आसपास नग तिथे जमले.

दहाव्या दिवशी कंपनी नमली. माल बाहेर जात नव्हता, व्यापारी फोनवर फोन करत होते. आठही बायकांना परत घ्यायचं कबूल झालं. दादाला खांद्यावर घेऊन लोकांनी कारखान्याला चक्कर मारली. त्या आठ जणींतली एक फाटकाबाहेर उभी राहून नुसती रडत होती. तिच्या नवऱ्याचा पाय अधू होता.

कच्चा करार नोटीस बोर्डावर लागला. मी गर्दी ओसरल्यावर वाचला. चौथं कलम: ‘उत्पादन पूर्वीप्रमाणे.’ पाचवं कलम: ‘सीलबंद माल करारावर सह्या झाल्यावर उघडून पूर्वीच्या पद्धतीने फेरतपासणी करावी.’

पूर्वीच्या पद्धतीने. म्हणजे तेच सहाशे नग पुन्हा पाण्यात, दहापर्यंत मोजायचं, आणि ठोकायचं.

मी तडक लेथवर गेले. दादाने मशीन बंद केलं नाही. त्या आवाजातच बोलणं झालं.

“दादा, त्या पेट्यांतले नग गळके आहेत. मी डोळ्यांनी बघितलेत बुडबुडे.”

“माहीतय.”

“माहीतय?”

“बारके, दोन वर्षांपूर्वी करार करताना मी विचारलं होतं. तेव्हाचा इंजिनियर म्हणाला, मोठी गळती दहातच कळते, बाकीची किरकोळ. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला. लोकांना बोनस हवा होता, पाचशे आपणच कबूल केले.”

“मग आता दोन मिनिटं मागा ना! करारात घाला. त्या दहाच्या मोजणीनेच तर आठ जणींच्या जागा गेल्या. दोन मिनिटं धरली तर आठच काय, आणखी आठ टाक्या लागतील.”

त्याने आता मशीन बंद केलं. “आणि कंपनी म्हणेल, परवडत नाही, दुसरीकडे कारखाना काढतो. तयारच बसलेत ते. आणि जो माल घराघरात गेलाय त्याचं काय? ते बाहेर आलं की आधी कोण जाईल? इस्त्री? त्याला उद्या दुसरी नोकरी मिळेल. जातील ती आपली माणसं. मला त्यांनी निवडून दिलंय, गल्लीतल्या चुलींनी नाही.”

“त्या चुलीही आपल्याच लोकांच्या आहेत.”

“सभेत बोल,” तो म्हणाला. “तुला हक्क आहे. मी अडवणार नाही.”

शनिवारी सभा झाली. मी आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलले नव्हते. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, लोक काय बोलले ते मात्र लख्ख आठवतं. मी बुडबुड्यांचं सांगितलं, साबणाच्या फेसाचं सांगितलं. म्हटलं, हे पाचवं कलम काढा, नाहीतर त्या नगांवर पंच मी ठोकणार नाही.

“झालं, आली मोठी!” मागून एक जण. “दोन वर्षं ठोकलास तेव्हा हात दुखला नाही?”

“नाही दुखला,” मी म्हटलं. “तेव्हा मी बघितलं नव्हतं.”

“मग आताही नको बघूस! डोळे मिट आणि दहा मोज!” हशा.

लंबू उठला. तो चेष्टा करत नव्हता. “बाई, तुझं खरं आहे. पण मला तीन मुली आहेत. कंपनी बंद पडली तर तू भावाच्या घरी जेवशील. मी कुणाच्या घरी जेवू?”

त्यानंतर मला खाली बसवेना, मी मागे जाऊन उभी राहिले.

हात वर झाले. मोजायला मोजणीकाकूंनाच उभं केलं होतं. कराराच्या बाजूने दोनशे एकतीस, विरुद्ध त्रेचाळीस. काकूंनी स्वतःचा हात वर केला का, हे कोणी बघितलं नाही. त्या मोजत होत्या. दादा अध्यक्षांच्या शेजारी बसून वहीत लिहीत होता, त्याने वर बघितलं नाही. सोमवारी सकाळी दहाला सह्या करायचं ठरलं.

रविवारी मला घरात थारा नव्हता. उठले, बसले, आधीच घासलेली भांडी पुन्हा घासली. आई म्हणाली, “तुझ्या अंगात काय शिरलंय? जा, भावाकडे तरी जाऊन ये.” गेले. दादा वर्तमानपत्र घेऊन खिडकीत बसला होता, वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

“दादा, मी उद्या कामावर जाणार नाहीये. मी...”

“थांब,” तो पेपरामागून म्हणाला. “मला काही सांगू नकोस. सेक्रेटरीला कळलं तर सेक्रेटरीला कमिटीला सांगावं लागतं.”

मी उभीच राहिले. वहिनी चादरीचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, “मी काही सेक्रेटरी नाही बाई. मला सांगायला हरकत नाही. धर नीट.”

मग मी चादर ताणत वहिनीला सांगितलं. सरकारी सुरक्षा कार्यालयात जाणार आहे. लेखी तक्रार देणार आहे, माझ्या नावाने आणि माझ्या नंबरासकट. पण तोवर पेट्या उघडल्या तर दाखवायला काही उरणार नाही.

“सह्या झाल्या की उघडणार ना पेट्या?” वहिनीने विचारलं. मला विचारलं, पण आवाज जरा मोठा होता.

“हो.”

“आणि सही तर यांचीच लागते.”

पेपर हलला नाही. पानही उलटलं नाही. वहिनीने चादरीची घडी घातली आणि म्हणाली, “जेवून जा.” आम्ही तिघं जेवलो.

सोमवारी मी त्या कार्यालयात तीन तास बाकावर बसले. निरीक्षक सर्दीने बेजार होता. नाक पुसत पुसत त्याने माझा अर्ज दोनदा वाचला. “बाई, तुमच्या तोंडच्या शब्दावर मी कारखान्यात शिरू शकत नाही. पण नापास माल दोन्ही बाजूंच्या सीलमध्ये असेल तर येतो. सीलं शाबूत हवीत.”

“आज येता?”

“आज? बुधवारी सकाळी.”

“बुधवारपर्यंत सीलं राहणार नाहीत.”

“मग मी येऊन काय करू?” तो शिंकला. “ठेवा कसंतरी.”

मी बाहेर आले. दहा कधीच वाजून गेले होते. सह्या झाल्या असणार, असं धरूनच मी कारखान्याच्या रस्त्याला लागले. फाटकाशी पोहोचले तर चहाच्या टपरीवर कमिटीची माणसं चिडून उभी होती.

“तुझ्या भावाचा चष्मा फुटला,” लंबू म्हणाला. “म्हणे, न वाचता मी कशावर सही करत नाही. दुसऱ्याचा घाल म्हटलं, तर म्हणे नंबर वेगळा आहे.”

मी टपरीच्या बाकावर बसले. संध्याकाळी वहिनीकडे जाऊन, निरीक्षक बुधवारी सकाळी येणार आहे, एवढं तिला सांगून आले.

मंगळवारी दादाच्या पोटात दुखत होतं. इस्त्रीसाहेबाने गाडी पाठवली, तर वहिनीने दारातूनच सांगितलं की ते संडासात आहेत. गाडीवाला तासभर थांबून परत गेला. संध्याकाळी लंबू आणि आणखी चौघं दादाच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते वहिनीने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. लंबूने विचारलं, “सेक्रेटरी, सभेचा ठराव मोडताय का?” दादा म्हणाला, “मोडत नाही. उद्या दुपारी सही करतो. लिहून देऊ?”

लिहून दिलं त्याने. आणि बुधवारी दुपारी दोन वाजता खरंच सही केली. पण सकाळी साडेदहालाच निरीक्षक दोन माणसं घेऊन आला होता. स्टोअरचं दार उघडलं, सीलं तपासली, तोडली आणि आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच टाक्यांत, घड्याळ लावून नग बुडवले. पहिल्या वीस नगांपैकी एकोणीस नगांतून बुडबुडे आले. हॉलमध्ये हवेच्या नळीची सुरसुर तेवढी ऐकू येत होती. दादा दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता, एका काचेला तडा गेलेला. फोडला तर खरोखर होता.

निरीक्षकाने विचारलं, “ही दहाची पद्धत कोणी सुरू केली?” इस्त्रीसाहेब म्हणाला, “माझ्या आधीपासूनची आहे. कामगारांनीच मान्य केलेली.” त्याने दादाकडे बघितलं. दादा नकार देईल, अशी साहेबाची खात्री होती.

“हो,” दादा म्हणाला. “माझी सही आहे त्यावर. लिहा.”

कारखाना साडेचार महिने बंद राहिला. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माल परत मागवला गेला. किती परत आला, किती कोणाच्या स्वयंपाकघरात तसाच राहिला, ते कुणालाच कळलं नाही. आमच्या मालाने एखाद्या घरात काही बरंवाईट झाल्याचं कधी सिद्ध झालं नाही. याचं सुख मानावं, की ‘मग एवढं कशाला केलंस?’ असं विचारणारे बरोबर होते असं समजावं, हे मला चाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. सभेचा ठराव दादाने मोडला नाही, फक्त दोन दिवस उशिरा पाळला. त्यात सचोटी किती आणि लबाडी किती, याचाही हिशेब लागत नाही. ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांना त्याने फसवलं, असं म्हणणाऱ्यांशी मी कधी वाद घातला नाही.

कारखाना उघडला तेव्हा नव्वद माणसं कमी झाली होती. परत घेतलेल्या आठांपैकी पाच त्या नव्वदांत होत्या. अधू पायाच्या नवऱ्याची बायको त्यातच. ती पुढे शहर सोडून भावाकडे गेली म्हणतात.

इस्त्रीसाहेब दुसऱ्या, याहून मोठ्या कंपनीत गेला. दादाचं म्हणणं खरं ठरलं.

मोजणीकाकू निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. निवृत्त होताना मला निरोप पाठवून बोलावलं आणि कानात सांगितलं, “त्रेचाळीस नव्हे गं, चव्वेचाळीस होते. मी स्वतःला मोजायचं विसरले.” विसरल्या होत्या की नाही, मी विचारलं नाही.

लंबूची नोकरी गेली. त्याने सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मी त्या रस्त्याने जायचं टाळायची. त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दादाच्या घरी आली, माझ्या घरी आली नाही.

दादा पुढच्या निवडणुकीत पडला. सतरा मतं मिळाली त्याला. मग पंधरा वर्षं निमूट लेथवर काम करून निवृत्त झाला. त्या दोन दिवसांबद्दल तो माझ्याशी कधीच बोलला नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, “पोटात खरंच दुखत होतं.” तो जाऊन आता नऊ वर्षं झाली.

वहिनी आहे. ऐकू कमी येतं. मी दर रविवारी तिच्याकडे जाते.

मला कंपनीने काढलं नाही. निरीक्षकाच्या अहवालात नाव असल्यामुळे काढता आलं नाही. पण हॉलमध्ये माझ्याशी बोलायला कोणी तयार नव्हतं, म्हणून सात महिन्यांनी मीच राजीनामा दिला. नंतर एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून बावीस वर्षं काम केलं. तिथे युनियन होती. मी पहिल्याच आठवड्यात सभासद झाले. प्रत्येक सभेला गेले, बहुतेक वेळा मागे उभी राहून, कारण त्या शनिवारनंतर सभेत मला कधी बसवलं नाही.